तांब्याचा कॅलरीमापी संच : डबा चांगला, थर्मामीटर मात्र बदलूनच घ्या

लाकडी पेटी, आत नमद्याचं (दाबलेल्या लोकरीचं) अस्तर, त्यात बसणारा तांब्याचा डबा, तांब्याच्याच तारेची ढवळणी, दोन भोकांचं झाकण, एक थर्मामीटर आणि वर दोऱ्यासाठी हुक असलेले धातूचे पाच ठोकळे. अकरावी-बारावी आणि बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला विशिष्ट उष्माधारकता, म्हणजे एक ग्रॅम पदार्थ एक अंश तापायला लागणारी उष्णता, काढायला हा संच लागतो. तापवलेला ठोकळा डब्यातल्या पाण्यात टाकायचा आणि पाणी किती अंश चढलं त्यावरून धातूचा आकडा काढायचा. नागपुरात प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानांत तो थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखाच मिळतो. पेटीवरचं नाव वेगळं असलं तरी आतला माल बहुधा एकाच ठशाचा असतो. म्हणून इथे कंपनीचं नाव न घेता मालाबद्दलच लिहिलं आहे.

आधी डबा, कारण संचातली सगळ्यात चांगली वस्तू तीच. उंची साडेसात सेंटीमीटर आणि व्यास पाच, म्हणजे काठोकाठ दीडशे मिलिलिटरच्या आत. पत्रा सुमारे अर्धा मिलिमीटर जाड, डब्याचं वजन ६० ग्रॅम, ढवळणीचं १०. तांब्याची विशिष्ट उष्माधारकता ग्रॅममागे ०.३८५ जूल, म्हणून दोन्ही मिळून एक अंशाला २७ जूल खातात. पाण्याच्या भाषेत हा साडेसहा ग्रॅमचा जलतुल्यांक झाला, म्हणजे दोन्ही मिळून साडेसहा ग्रॅम पाण्याइतकी उष्णता खातात. शंभर ग्रॅम पाण्यापुढे साडेसहा ग्रॅम किरकोळ वाटतात आणि इथेच बरेच जण फसतात. डबा हिशेबात धरला नाही तर ॲल्युमिनियमचं उत्तर ०.८९७ च्या जागी ०.८४ येतं. चूक झाली सहा टक्क्यांची, आणि तीही काहीही बिघडलेलं नसताना.

घेताना डबा उलटा करून बूड पाहा. एकाच पत्र्यातून ओढून काढलेला, सांधा नसलेला डबा मिळाला तर तोच घ्या. डाख देऊन बूड जोडलेले डबेही त्याच भावात खपवले जातात. अशा डब्यात पाणी भरून तो रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवायचा. सकाळी कागदावर गोल डाग दिसला तर डबा परत करा. गळणारं पाणी नमद्यात मुरतं, आणि ओल्या नमद्यातून उष्णता कोरड्यापेक्षा कितीतरी वेगाने निघून जाते. अशा डब्यावर घेतलेले आकडे दुपारपर्यंत बदलत राहतात आणि दोष कुठे आहे ते कोणाच्या लक्षात येत नाही.

डब्याची बाहेरची बाजू चकचकीत ठेवायची, आणि ते दिसायला छान म्हणून नव्हे. घासलेलं तांबं फार थोडी उष्णता प्रारणाने बाहेर टाकतं, काळं पडलेलं तांबं त्याच्या दसपट तरी टाकतं. चिंच-मीठ किंवा पीतांबरीने घासा, भरपूर पाण्याने धुवा, कोरडं करा. आतून हिरवा थर धरू देऊ नका. प्रयोग झाला की पाणी ओतून डबा पालथा ठेवला तर तो कळकत नाही. बाहेरून हात लावताना फडकं वापरा, बोटांचे ठसे महिनाभरात तपकिरी डाग होऊन बसतात.

थर्मामीटरने मात्र संचाची अब्रू घालवली आहे. ० ते ११० अंशांचा, एकेका अंशाच्या रेघांचा, लाल द्रवाचा. पाऱ्याचे थर्मामीटर शाळा-कॉलेजांतून हद्दपार होत आहेत हे योग्यच, पण त्यांच्या जागी हा देणं म्हणजे सोनाराच्या काट्याऐवजी भाजीवाल्याचा तराजू देणं. हिशेब करून पाहा. ५० ग्रॅम ॲल्युमिनियम ९९ अंशांपर्यंत तापवून ३३ अंशांच्या १०० ग्रॅम पाण्यात टाकलं तर तापमान ३९ पर्यंत जातं. वाढ सहा अंशांची. एक अंशाच्या रेघांवर नजर फार तर अर्ध्या अंशापर्यंत लागते. सुरुवातीला अर्धा आणि शेवटी अर्धा अंश इकडेतिकडे झाला तर सहात एक गेला, म्हणजे सोळा-सतरा टक्के. तेच ५० ग्रॅम शिसं टाकलं तर तापमान एक अंशसुद्धा चढत नाही. या थर्मामीटरने शिशाची उष्माधारकता मोजली असं कोणी म्हणत असेल तर त्याने आकडा पुस्तकातून उचलला आहे.

म्हणून ० ते ५० अंशांचा, दशांश अंशाच्या रेघांचा थर्मामीटर वेगळा घ्या, नाहीतर दशांश दाखवणारा सळईचा डिजिटल घ्या. डिजिटल स्वस्त आणि दणकट आहे, पण त्याची सळई स्टीलच्या नळीची असते आणि आकडा स्थिरावायला काही सेकंद लागतात. ढवळत राहिलात तर ते चालतं. कुठलाही घ्या, पहिल्या दिवशी वितळत्या बर्फाच्या लगद्यात बुडवून शून्य किती दाखवतो ते पाहा आणि तो फरक पेटीच्या झाकणाच्या आतून लिहून ठेवा. संचातला लाल थर्मामीटर फेकू नका, उकळत्या पाण्यावर लक्ष ठेवायला तो पुरतो. त्याचा द्रव मध्येच तुटला तर बर्फ-मिठात धरून हलकेच टिचक्या मारा, खालच्या फुग्यात सगळा द्रव गोळा झाला की तुकडे जुळतात.

उकळत्या पाण्याचं म्हणाल तर संचाबरोबरची चोपडी गरम ठोकळ्याचं तापमान बिनदिक्कत १०० धरायला सांगते. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटर उंच आहे, इथे पाणी ९९ अंशांच्या आगेमागे उकळतं. ॲल्युमिनियमच्या वरच्या उदाहरणात ९९ ऐवजी १०० धरलं की उत्तर दीड टक्क्याहून थोडं जास्त घसरतं. भानगड मोठी नाही, पण ती दर वेळी एकाच दिशेने होते, त्यामुळे दहा वेळा प्रयोग करून सरासरी काढली तरी जात नाही.

आता ठोकळे. ॲल्युमिनियम, लोखंड, तांबं, पितळ आणि शिसं, प्रत्येकी ५० ग्रॅम, वर हुक. इथे संच बनवणाऱ्याने विचार केलेला दिसत नाही. तांबं ०.३८५ आणि पितळ सुमारे ०.३८, म्हणजे फरक एका टक्क्याच्या आसपास. या डब्याची अचूकता नीट काम केलं तरी तीन ते पाच टक्क्यांची. दोन्ही ठोकळ्यांचं उत्तर एकच येणार, आणि विद्यार्थी आपलं काय चुकलं ते शोधत बसणार. पितळाऐवजी कथील द्यायला हवं होतं. त्याची विशिष्ट उष्माधारकता ०.२३ च्या जवळपास आहे, तांबं आणि शिशाच्या मधली मोकळी जागा त्याने भरली असती. शिवाय पितळ मिश्रधातू, त्याला एक ठरावीक अणुभार नाही, त्यामुळे पुढे ज्याची मजा आहे तो हिशेब त्याच्यावर करता येत नाही.

तो हिशेब दुलाँ आणि पेती या फ्रेंच शास्त्रज्ञांचा, १८१९ सालचा. विशिष्ट उष्माधारकतेला अणुभाराने गुणायचं. ॲल्युमिनियम ०.८९७ गुणिले २७ म्हणजे २४.२. तांबं ०.३८५ गुणिले ६३.५ म्हणजे २४.४. लोखंड ०.४५ गुणिले ५५.८ म्हणजे २५.१. शिसं ०.१२८ गुणिले २०७ म्हणजे २६.५. ग्रॅमच्या हिशेबात सातपट अंतर असलेले धातू मोलच्या, म्हणजे सारख्याच संख्येच्या अणूंच्या हिशेबात एका रांगेत येऊन उभे राहतात, वायुस्थिरांकाच्या तिप्पट म्हणजे २४.९ च्या आजूबाजूला. पाच ठोकळ्यांचा संच विकत घेण्याचं खरं कारण हेच, आणि चोपडीत यावर एक ओळ नाही. त्यात ग्राफाइटचा एक तुकडा असता तर आणखी बहार आली असती. ०.७१ गुणिले १२ म्हणजे फक्त साडेआठ. नियम कुठे मोडतो तेही त्याच दुपारी दिसलं असतं.

लोखंडाच्या ठोकळ्याला दुकानातच लोहचुंबक लावून पाहा. गंजू नये म्हणून काही संचांत लोखंडाच्या नावाखाली स्टेनलेस स्टील देतात. स्वयंपाकघरातल्या भांड्यांचं जे नेहमीचं स्टील, त्याला चुंबक जवळजवळ चिकटतच नाही आणि त्याची विशिष्ट उष्माधारकता ०.५० आहे. ०.४५ अपेक्षित असताना ०.५० आलं तर चूक विद्यार्थ्याची नसते.

शिशाचा ५० ग्रॅमचा ठोकळा तर निव्वळ शोभेचा. शिसं मोजायचंच असेल तर २०० ग्रॅम घ्या आणि पाणी १०० ऐवजी ६० ग्रॅमच ठेवा, मग वाढ साडेपाच अंशांची मिळते. एवढं शिसं साडेसतरा घनसेंटीमीटर जागा घेतं, त्यामुळे डब्यात पाण्याची पातळी चार सेंटीमीटरवर येते. ठोकळा त्याहून बुटका हवा, डोकं पाण्याबाहेर राहिलं तर सगळं मुसळ केरात. आणि शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

ठोकळा तापवण्याची चोपडीतली रीत अशी की दोऱ्याला बांधून उकळत्या पाण्यात सोडायचा, दहा मिनिटांनी उचलून डब्यात टाकायचा. या संचातली सगळ्यात मोठी चूक इथेच होते. बाहेर येताना ठोकळ्याला आणि दोऱ्याला उकळतं पाणी चिकटून येतं. अर्धा ग्रॅम धरा, म्हणजे दहा-एक थेंब. अर्धा ग्रॅम पाणी अंशाला दोन जूलहून थोडं जास्त उष्णता आणतं. ॲल्युमिनियमचा ५० ग्रॅमचा ठोकळा अंशाला ४५ जूल आणतो, तिथे चूक पावणेपाच टक्के. तांब्याच्या १९ जूलमागे ती अकरा टक्के. शिशाचे तर एकूणच ६.४, तिथे चूक तेहतीस टक्के! पाण्याइतका उष्णतेचा लोभी पदार्थ रोजच्या वापरात दुसरा नाही, म्हणून त्याचे चार थेंबही धातूच्या गठ्ठ्याला भारी पडतात. फडक्याने पुसावं तर पुसेपर्यंत ठोकळा गार होतो.

उपाय सोपा आहे. ठोकळा मावेल अशी रुंद परीक्षानळी घ्यायची, ठोकळा तिच्यात कोरडा सोडायचा, तोंडाला कापसाचा बोळा लावायचा आणि नळी उकळत्या पाण्यात ठोकळ्याच्या बऱ्याच वरपर्यंत बुडवायची. हवेतून तापायला वेळ लागतो, म्हणून वीस मिनिटं तरी द्या. दोरा जाड सुतळीचा नको, शिवणकामाचा बारीक घ्या. डबा नळीशेजारी आणून ठेवायचा, पण शेगडी आणि डब्याच्या मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा हवा, नाहीतर डबा आधीच तापतो. नळीतून डब्यात ठोकळा दोन-तीन सेकंदांत गेला पाहिजे. तो टाकताना पाणी उडालं तर तो प्रयोग सोडून द्या, उडालेल्या पाण्याचा हिशेब मागाहून लागत नाही.

आता खास नागपूरची अडचण. हा संच जणू पंचवीस अंशांच्या खोलीसाठी बनवला आहे. मे महिन्यात, नवतप्यात तर विचारूच नका, प्रयोगशाळेत ३८ अंश असतात, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळाला हात भाजेल असं येतं आणि माठातलं २६ वर असतं. माठातलं पाणी घेऊन प्रयोग सुरू केला तर ठोकळा टाकल्यावर पाणी ३२-३३ पर्यंत चढतं, पण तेही खोलीपेक्षा गारच राहतं. म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत उष्णता बाहेरून डब्यात शिरत राहते. चोपडी म्हणते, तापमान वाढून थांबेल तो आकडा घ्या. इथे ते थांबतच नाही, सावकाश चढत राहतं. विद्यार्थी वाट पाहतो, मोठा आकडा टिपतो, धातूची उष्माधारकता फुगते. डिसेंबरच्या सकाळी, खोलीत १८ अंश असताना, उलटं होतं. पाणी खोलीपेक्षा गरम, उष्णता बाहेर पडते, उत्तर कमी येतं. एकाच कॉलेजच्या दोन सत्रांतली उत्तरं जुळत नाहीत त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

यावरची युक्ती रम्फर्ड या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. जितकी वाढ होणार, त्याच्या निम्म्याने खोलीच्या खाली सुरुवात करायची. खोली ३६ अंशांवर असेल आणि वाढ सहाची अपेक्षित असेल तर माठाचं आणि टाकीचं पाणी मिसळून ३३ वर आणा, शेवट ३९ वर होईल. पहिल्या अर्ध्यात आत आलेली उष्णता दुसऱ्या अर्ध्यात बाहेर जाते. पूर्ण फिटंफाट होत नाही, कारण तापमान सुरुवातीला झपाट्याने चढतं आणि वर जास्त वेळ राहतं, पण चूक बरीच आटोक्यात येते. उरलेलीसाठी ठोकळा टाकण्याआधी तीन मिनिटं आणि नंतर पाच मिनिटं, दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहा, आलेख काढा आणि शेवटची उतरती रेघ ठोकळा टाकल्याच्या क्षणापर्यंत मागे ओढा. दहा अंशांचा फरक असेल तर असा डबा मिनिटाला दशांश अंशाच्या आसपास सरकतो. सहा अंशांच्या वाढीत तीन मिनिटांची दिरंगाई म्हणजे पाच टक्के गेले.

योगायोग असा की पाण्याची स्वतःची विशिष्ट उष्माधारकता ३५-३६ अंशांच्या आसपासच सगळ्यात कमी असते, ४.१७८ जूल. पंधरा अंशांना ती ४.१८६ असते. फरक इतका बारीक की या डब्याला तो दिसणार नाही, तरी उन्हाळ्यातल्या नागपूरच्या पाण्याला ४.१८ धरणं ४.१९ पेक्षा बरोबर.

कूलर ही दुसरी डोकेदुखी. त्याचा झोत टेबलावर आला की डब्याच्या झाकणावरून आणि ओल्या काठावरून बाष्पीभवन वाढतं, डिजिटल वजनकाट्याचा आकडाही नाचतो. मे महिन्यात नागपूरच्या खोलीत कूलर बंद करायला सांगणं भौतिकशास्त्रापेक्षा अवघड, त्यामुळे टेबल झोताच्या बाहेर हलवा आणि पेटीभोवती पुठ्ठ्याचं कुंपण करा. झाकणाची भोकं या संचात ढवळणी आणि थर्मामीटरपेक्षा मोठी आहेत, फटीत कापूस भरा.

लाकडी पेटीबद्दल फार लिहायला नको. पावसाळ्यात लाकूड फुगून झाकण अडकतं, अस्तर दोन वर्षांत खाली बसतं. इतवारी किंवा महालच्या बाजारात नमदा न मिळाल्यास थर्मोकोलचे तुकडे तासून बसवले तरी काम तितकंच चांगलं होतं, फक्त डब्याच्या काठापर्यंत बसवा.

बर्फाचा अप्रकट उष्मा, म्हणजे तो नुसता वितळायला लागणारी उष्णता, काढायला हाच डबा वापरतात आणि त्यासाठी तो बरा आहे, पण जुलै-ऑगस्टमध्ये जपून. तेव्हा नागपूरचा दवबिंदू चोवीस अंशांच्या आसपास असतो. पाणी त्याच्या खाली गेलं की डब्याला बाहेरून घाम फुटतो, आणि ०.१ ग्रॅम दव धरलं तरी २४४ जूल उष्णता डब्याला मिळते, म्हणजे अर्ध्या अंशाहून जास्त. ३३ अंशांच्या १०० ग्रॅम पाण्यात अंदाजाने ८ ग्रॅमच बर्फ टाका. ग्रॅममागे ३३४ जूल धरून पाणी २५ वर थांबतं, दवबिंदूच्या वर, आणि पावसाळ्यातल्या २९ अंशांच्या खोलीच्या दोन्ही बाजूंना सारखं. बर्फ टिपकागदाने कोरडा करून टाका, त्याचं वजन मात्र आधी करू नका, शेवटी डबा पुन्हा तोलून काढा.

विजेच्या जोडणीचा संच थोडा महाग पडतो. त्यात झाकणाला पितळी खुंट्यांवर नायक्रोमच्या (निकेल-क्रोमियम मिश्रधातूच्या) तापणाऱ्या तारेचं वेटोळं येतं. ६ व्होल्ट, ३ अँपिअर, अडीच मिनिटं म्हणजे २७०० जूल, १०० ग्रॅम पाणी सहा अंश चढतं. ही रीत ठोकळ्यापेक्षा जास्त भरवशाची, पण या संचातल्या खुंट्या आखूड आहेत. वेटोळं पूर्ण बुडायला १३० मिलिलिटर पाणी लागतं आणि मग ढवळताना ते सांडतं. बुडालं नाही तर उघडी तार लाल होऊन तुटते. खुंट्या दोन सेंटीमीटर लांब करून घ्या, कुठलाही लेथवाला करून देतो. व्होल्टमीटर पुरवठ्याच्या टोकांना न लावता थेट झाकणावरच्या खुंट्यांना लावा. वेटोळ्याचा रोध फक्त दोन ओहम, त्यामुळे तारा आणि गंजलेल्या स्क्रूंचा ०.२ ओहमसुद्धा दहा टक्के खातो. बोअरचं जड पाणी टाळा, खुंट्यांवर पांढरा थर चढतो.

दुकानात विचारायचं ते एवढंच : बूड सांध्याचं की बिनसांध्याचं, लोखंडाचा ठोकळा चुंबकाला धरतो का, पितळाच्या जागी कथील आणि शिशाचा २०० ग्रॅमचा ठोकळा देता का, आणि संचातला थर्मामीटर काढून ठेवला तर किंमत किती कमी होते. बहुतेक दुकानदार थर्मामीटर काढून देतात, त्या पैशांत थोडी भर घालून दशांश अंशाचा येतो. वजनकाटा ०.१ ग्रॅमचा असेल तरच हा संच घ्या, एक ग्रॅमच्या काट्यावर वर लिहिलेल्या सगळ्या खटपटीचा उपयोग नाही.